अंगात रगत हाय कुठं? – मोजून तर बघा!

मैत्रिणींनो, गावात रक्तदान शिबिराचा फलक लागला की तुम्ही काय करता? पुष्कळजणी तो वाचतच नाहीत. शाहू जयंती असो, गणपती असोत, नाहीतर एखाद्या तरुण मंडळाचा वर्धापनदिन असो. शाळेच्या वर्गात खाटा मांडल्या जातात, पोरं रांगेत उभी राहतात. आणि आपण? आपण आत, स्टोव्हपाशी. रक्त देणाऱ्यांसाठी पोहे परतायचे, चहाचं आधण ठेवायचं, केळी मोजून ठेवायची. कुणी विचारलंच, "काय वैनी, तुमी न्हाई द्येनार?" तर उत्तर तयार असतं, "आमच्या अंगात रगत हाय कुठं द्यायला?" सगळ्याजणी हसतात आणि विषय तिथेच संपतो.

हसण्यावारी नेलेले हे वाक्य आज जरा गंभीरपणे घेऊ या. ते खरे आहे की खोटे? खोटे असेल, म्हणजे अंगात पुरेसे रक्त असूनही आपण देत नसू, तर त्यात गावाचे नुकसान आहे. आणि खरे असेल, तर नुकसान तुमचे स्वतःचे आहे आणि ते अधिक मोठे आहे. दोन्हींपैकी कोणते, हे बोटाच्या एका टोचणीत कळते. मग ती टोचणी आपण का टाळतो?

तळ्याचे पाणी आणि पेढीतले रक्त

राधानगरीच्या बायकांना साठवणीचे महत्त्व कुणी सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतले ते पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी उन्हाळ्यात हाताशी असावे म्हणून. तहान लागल्यावर विहीर खणायला घेणारा शहाणा नव्हे, हे महाराजांनी जाणले होते.

रक्ताचेही तसेच आहे. बाळंतपणात बाईला अंगावरून जास्त जाऊ लागले, तर हातात वेळ किती असतो? कधी तास-दोन तास, कधी तेवढाही नाही. आपल्या देशात बाळंतिणी दगावण्याच्या मोठ्या कारणांत बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे पहिल्या रांगेतले कारण आहे. राधानगरीहून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर. दाजीपूरच्या बाजूच्या वाडीवस्तीवरून निघायचे तर त्याहून लांब. त्यात आपल्याकडचा पाऊस! बंधारे पाण्याखाली जातात, रस्त्यावर पाणी येते. २०१९ च्या ऑगस्टात तर पुण्याहून बंगळूरला जाणारा हमरस्ताच कित्येक दिवस बंद होता. अशा वेळी "आता रक्तदाता शोधा" म्हणून चालत नाही. रक्त आधीच दिलेले, तपासलेले आणि पेढीत ठेवलेले असावे लागते.

मात्र तळ्यात आणि रक्तपेढीत एक फरक आहे. तळ्याचे पाणी महिनोन्‌महिने राहते, रक्त राहत नाही. तांबड्या पेशी थंड पेटीत २ ते ६ अंश तापमानात ठेवल्या तरी पिशवीतल्या द्रावणाप्रमाणे ३५ किंवा ४२ दिवसच टिकतात. रक्त गोठायला मदत करणाऱ्या बिंबिका, ज्यांना डॉक्टर प्लेटलेट म्हणतात, त्या फक्त ५ दिवस. रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, तेवढा गोठवून वर्षभर ठेवता येतो. म्हणजे शाहू जयंतीच्या एका मोठ्या शिबिराने वर्षाची बेगमी होत नाही. मे महिन्यात कॉलेजे बंद असतात, मंडळी गावोगावी लग्नाला गेलेली असतात, आणि रक्तपेढ्यांत दरवर्षी खडखडाट होतो. बाळंतपणे काही मे महिना बघून थांबत नाहीत!

तेव्हा रक्ताचा झरा सतत वाहता हवा. आणि गावातले निम्मे लोक, म्हणजे आपण बायका, जर स्टोव्हपाशीच राहिलो, तर तो झरा निम्म्यानेच वाहणार. जगभरात जेवढे रक्तदान होते त्यातले सुमारे एक तृतीयांश बायकांचे असते. आपल्या देशात ते प्रमाण फारच कमी आहे.

वास्तविक या कामाची वाट एका बाईनेच रुंद केली, हे किती जणींना ठाऊक आहे? १९५० नंतरच्या दशकात मुंबईत लीला मूळगावकर यांनी स्वेच्छेने रक्त देण्याची चळवळ उभी केली. पैसे घेऊन रक्त विकणारे लोक दवाखान्याबाहेर उभे असत तो काळ. त्या काळात त्या लोकांना "विकत घेऊ नका, स्वतः द्या" असे सांगत राहिल्या. १९६३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर रक्त विकण्याचा धंदा १ जानेवारी १९९८ पासून बंद झाला. आज रक्तपेढी जे पैसे घेते ते तपासणीचे आणि साठवणीचे असतात, रक्ताचे नव्हेत.

कोण देऊ शकते?

आता मुद्द्याचे बोलू. नियम काही अवघड नाहीत.

वय १८ पूर्ण हवे आणि ६५ च्या आत हवे. पहिल्यांदाच देणार असाल तर साठीच्या आत द्या. वजन ४५ किलोपेक्षा कमी नको. नाडी, रक्तदाब आणि ताप बघतात. वरचा रक्तदाब १०० ते १४० आणि खालचा ६० ते ९० यांच्या दरम्यान हवा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, रक्तातले हिमोग्लोबिन १०० मिलिलिटरला निदान साडेबारा ग्रॅम हवे. हा आकडा बाप्यांना आणि बायकांना एकच आहे. साडेबारा! हा आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

एवढे जमले की बाई म्हणून तुम्हाला कुणी अडवत नाही. नवऱ्याची परवानगी लागत नाही, सासूबाईंची सही लागत नाही. संमती तुमची, सही तुमची. शाकाहारी असाल तरी चालते. मुले बंद करण्याचे ऑपरेशन झालेले असेल तरी चालते, फक्त ऑपरेशन होऊन वर्ष उलटलेले असावे. मधुमेहाची गोळी चालू आहे, पण महिन्याभरात ती बदललेली नाही आणि साखर ताब्यात आहे, तर डॉक्टर होकार देऊ शकतात. इन्शुलिनचे इंजेक्शन चालू असेल तर मात्र नाही. थायरॉइडच्या गोळीवर प्रकृती स्थिर असेल तरी नाही म्हणण्याचे कारण नसते.

"पण बाई, मी मरतुकडी. एवढं रक्त गेलं तर उभी राहीन का?" असे कुणी म्हणेल. हिशेब करून बघा. पन्नास किलो वजनाच्या बाईच्या अंगात साधारण सव्वातीन लिटर रक्त असते. शिबिरात घेतात ते साडेतीनशे मिलिलिटर, म्हणजे जेमतेम दहावा भाग. तोही ढोबळ अंदाजाने नव्हे. वजनाच्या दर किलोमागे ८ मिलिलिटर ही मर्यादा धरून घेतात, म्हणून तर ४५ किलोची अट आहे. साडेचारशेची मोठी पिशवी ५५ किलोच्या पुढच्यांसाठीच असते. गेलेला पातळ भाग दिवसा-दोन दिवसांत भरून येतो, पाणी-सरबत भरपूर प्यायलात की झाले. तांबड्या पेशी भरायला काही आठवडे लागतात.

आणि लोह? त्याला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. साडेतीनशे मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे दीडशे मिलिग्रॅम लोह अंगातून जाते. जेवणातून अंगी लागणारे लोह मात्र रोज एक-दोन मिलिग्रॅमच. पुन्हा दर महिन्याला पाळीत थोडे जातेच. म्हणूनच पुरुषांनी ९० दिवसांनी पुन्हा द्यावे आणि बायकांनी १२० दिवसांनी, असा नियम आहे. यात बायकांना कमी लेखण्याचा प्रश्न नाही, उलट तुमच्या महिन्याच्या खर्चाची नोंद ठेवूनच तो केलेला आहे. १४ जूनला जागतिक रक्तदाता दिन असतो आणि १ ऑक्टोबरला आपल्याकडचा राष्ट्रीय स्वेच्छा रक्तदान दिन. घरच्या कारभाऱ्यांना दोन्ही दिवशी देता येईल. तुम्ही जूनमध्ये दिलेत तर १ ऑक्टोबरला १०९ दिवसच होतात, तेव्हा आणखी दहा-बारा दिवस थांबा. घाई नको.

कोणी थांबावे?

"आत्ता नको" आणि "कधीच नको" यांत फार फरक आहे. पुष्कळजणी पहिल्याला दुसरे समजतात आणि एकदा परत पाठवले की जन्मात पुन्हा जात नाहीत.

पोटुशी असताना रक्त द्यायचे नाही. बाळंतपणानंतर वर्षभर नाही, आणि बाळ अंगावर पीत असेपर्यंतही नाही. गर्भ पडला असेल तर सहा महिने थांबा. पाळीचे दिवस चालू असतील तर ते संपू द्या. इथे विटाळाचा काही संबंध नाही हो! आधीच रक्त जात असताना आणखी कशाला काढा, एवढाच विचार आहे.

जत्रेत गोंदवून घेतले असेल, नाक-कान टोचले असतील तर वर्षभर थांबावे. सुई कुणाकुणाला टोचून आली असेल कोण जाणे. दाढ काढली असेल तर सहा महिने. मलेरिया झाला असेल तर बरे वाटल्यावर तीन महिने, डेंग्यू-चिकुनगुन्याला सहा महिने, टायफॉइडला वर्ष. कुत्रे चावून इंजेक्शने घेतली असतील तरी वर्षभर. काविळीचे मात्र नीट सांगा. दूषित पाण्यामुळे होणाऱ्या काविळीनंतर वर्षाने देता येते. 'ब' किंवा 'क' प्रकारची कावीळ झालेली असेल तर कधीच देऊ नये. हृदयविकार, कर्करोग, मूत्रपिंडाचे जुने दुखणे, फिट्‌स येणे अशा आजारांतही देऊ नये.

शिबिरात एक प्रश्नावली भरून घेतात. त्यातले काही प्रश्न संकोचाचे असतात. शेजारीण ऐकेल म्हणून खोटे लिहू नका. बाजूला बोलावून डॉक्टरांना सांगा, ते गुपित ठेवतात. दिलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, 'ब' आणि 'क' कावीळ, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते, हे खरे. पण लागण अगदी ताजी असेल तर तपासणीतही ती कधी कधी निसटते. तेव्हा खरे सांगणे हीच पहिली गाळणी.

आपला गट, दुसऱ्याचा गट

१९०० च्या सुमारास व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी माणसांचे रक्त एकसारखे नसते हे दाखवून दिले. त्यांचाच जन्मदिवस १४ जून. ए, बी, एबी आणि ओ हे गट आता शाळकरी मुलांनाही माहीत असतात. त्याच्या जोडीला पॉझिटिव्ह-निगेटिव्ह. आपल्याकडे शंभरात पाच-सहा जणच निगेटिव्ह असतात. आईचा गट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर पुढच्या बाळाला धोका होऊ नये म्हणून आईला वेळेवर इंजेक्शन द्यावे लागते. म्हणून लेकीसुनांचा गट दिवस राहिल्यावर नव्हे, त्याआधीच माहीत हवा.

एक गट तर आपल्या महाराष्ट्राच्या नावाने जगाला कळला. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त सापडले, की नेहमीच्या तपासणीत ते 'ओ' वाटावे, पण 'ओ'चेही रक्त त्याला चालू नये. त्याला 'बॉम्बे गट' असे नाव पडले. युरोपात तो दहा लाखांत एखाद्याचा असतो, आपल्याकडे सुमारे दहा हजारांत एकाचा, आणि महाराष्ट्रात तो इतर प्रांतांपेक्षा जास्त आढळतो. आई आणि वडील दोघांकडून तो अंश आला तरच हा गट होतो. त्यामुळे मामाच्या मुलीशी, आतेच्या मुलाशी लग्न करण्याची चाल असलेल्या घराण्यांत तो निघण्याचा संभव अधिक. अशा माणसाला फक्त त्याच गटाचे रक्त चालते. घरात कुणाचा 'ओ' गट असून रक्त जुळवताना अडचण आली असेल, तर रक्तपेढीत ही खास तपासणी करून घ्या आणि भावंडांचीही करा.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून पुष्कळजणी चकित होतात. बायकोला रक्त लागले की नवरा बाही वर करून पुढे येतो. त्याचे प्रेम खरे, पण जिला पुढे मूल व्हायचे आहे तिला शक्यतो नवऱ्याचे रक्त देऊ नये. कारण त्या रक्ताविरुद्ध तिच्या अंगात तयार झालेली प्रतिद्रव्ये पुढच्या बाळाला त्रास देऊ शकतात. बाळात बापाचा अंश असतोच ना! तेव्हा कारभाऱ्यांनी दुसऱ्याच्या बायकोसाठी द्यावे आणि आपल्या घरच्या लक्ष्मीसाठी शेजाऱ्यांनी दिलेले असावे. रक्तपेढी असते ती याचसाठी.

हेही ध्यानात ठेवा की सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला आणि बाळंतिणीला लागणारे रक्त मोफत देण्याची तरतूद २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे. "आधी दाता आणा, मग पिशवी मिळेल" असे तिच्या माणसांना म्हणणे त्यात बसत नाही. पण मोफत असले तरी ते रक्त कुणीतरी दिलेलेच असते, आकाशातून पडत नाही.

साडेबारा नसेल तर?

आता त्या वाक्याकडे वळू. "रगत हाय कुठं?" २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. त्या आधीच्या, २०१५–१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे वाढला! तेव्हा ते वाक्य निम्म्याहून अधिकजणींच्या बाबतीत खरेच आहे. हसण्यासारखे त्यात काही नाही.

जिन्याच्या चार पायऱ्या चढल्यावर धाप लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, केस गळणे, नखे चपटी होणे, माती-खडू-कच्चे तांदूळ खावेसे वाटणे. हे सगळे आपण "बाईचा जलमच असा" म्हणून सोडून देतो. पण हिमोग्लोबिन आठवर असलेली बाई बाळंतपणाला गेली, तर जेवढे रक्त जाऊन दुसरी बाई निभावून जाते तेवढ्यानेच हिच्या जिवावर बेतते. रक्त द्यायला जे लागते, तेच स्वतः जगायलाही लागते. शिबिरातून "बाई, तुमचं रक्त कमी आहे" म्हणून परत पाठवले, तर ओशाळून घरी जाऊ नका. फुकटात एक मोठी तपासणी झाली असे समजा आणि ती चिठ्ठी घेऊन थेट आरोग्य केंद्रात जा.

तिथे लोहाच्या गोळ्या मिळतात. त्या खाल्ल्यावर शौचाला काळे होते, कधी मळमळते. घाबरून सोडू नका. रात्री जेवणानंतर घेतल्या तर मळमळ कमी जाणवते. गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. आकडा वर आला तरी डॉक्टरांनी सांगितलेले महिने पुरे करा, कारण आधी रक्त भरते आणि मग साठा.

ताटाकडेही बघा. सगळ्यांची जेवणे झाल्यावर तळाला उरलेली आमटी आणि कोर भाकरी हे आपले जेवण, ही रीत आधी मोडायला हवी. माठ, राजगिरा, शेपू अशा पालेभाज्या, मटकी-चवळीची उसळ, तीळ, अळीव, नाचणी हे सगळे आपल्या बाजारात मिळते. त्यावर लिंबू पिळा किंवा जोडीला आवळा घ्या, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा नको, तासभर जाऊ द्या. सामिष खाणाऱ्यांनी कलेजी, मटण, मासे यांतला आपला वाटा पोरांच्या ताटात ढकलू नये. त्यातले लोह सगळ्यांत सहज अंगी लागते. लोखंडी तवा आणि कढई अडगळीतून काढा. नुसत्या गूळ-शेंगदाण्यावर मात्र विसंबू नका. चांगला खाऊ आहे, पण खाली गेलेला आकडा तेवढ्याने वर येत नाही.

एक कारण खास आपल्या भागातले. भातलावणीला चिखलात अनवाणी उतरतो, परसाकडेला अनवाणी जातो. ओल्या मातीतले अंकुशकृमी पायाच्या कातडीतून आत शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. कितीही चांगले खा, गळक्या हंड्यात पाणी भरल्यासारखे होते. जंताची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, शौचालय वापरा आणि पायात चप्पल घाला. तसेच पाळीत फार जात असेल, गुठळ्या पडत असतील, तर "चाळिशीत असं होतंच" म्हणून अंगावर काढू नका. दाखवून घ्या.

शिबिराच्या दिवशी

त्या दिवशी उपास धरू नका. सोमवार असो, संकष्टी असो, रिकाम्या पोटी रक्त देत नाहीत. तीन-चार तासांच्या आत काहीतरी खाऊन जा, पाणी प्या, आदल्या रात्री झोप पुरी घ्या. सैल बाहीचे पोलके घाला.

आधी बोटातून थेंब घेतात. काही ठिकाणी तो मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. मापून केलेल्या त्या पाण्यात थेंब झटकन बुडाला तर तुम्ही साडेबाराच्या पुढे; तरंगत राहिला तर थोडे थांबा. काही ठिकाणी लहानसे यंत्र आकडाच दाखवते. आकडा असेल तर विचारून घ्या. प्रत्यक्ष रक्त जायला आठ-दहा मिनिटे लागतात. सुई नवी, एकदाच वापरायची असते. नंतर दहा-पंधरा मिनिटे पडून राहा. उठायची घाई नको आणि पोहे वाढायला तर अजिबात धावू नका! त्या दिवशी हंडा, वैरणीचा भारा, लाकडाची मोळी उचलू नका. चक्कर आल्यासारखे वाटले तर लगेच आडवे व्हा आणि पाय उशीवर ठेवा. तुमच्या एका पिशवीचे भाग वेगळे करून ते दोघातिघांना देता येतात.

शेवटी एक सुचवू का? तुमचा बचत गट महिन्याला जमतोच. वहीत कुणाची शिल्लक किती, कर्ज किती हे लिहिले जाते. त्याच वहीत दोन रकाने वाढवा. एका रकान्यात प्रत्येकीचा रक्तगट. दुसऱ्यात प्रत्येकीचे हिमोग्लोबिन, दर चार महिन्यांनी आरोग्यसेविकेकडून नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्रात मोजून घेतलेले. जिचा आकडा साडेबाराच्या वर तिने पुढच्या शिबिरात नाव द्यायचे. जिचा खाली, तिला गोळ्या चालू आहेत ना, हे बाकीच्यांनी दर बैठकीला विचारायचे. पैशाची शिल्लक आपण वर्षानुवर्षे लिहीत आलो. रक्ताची शिल्लक लिहायला पेन्सिल आणि चार रेघाच लागतात. पुढच्या बैठकीला वही उघडाल, तेव्हा पहिला आकडा तुमचाच लिहा.